बर्फातला डबा आणि राहून गेलेली नोंद

प्रश्न थोडक्यात असा : कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले, ६३ वर्षांचे एक वाचक डिसेंबर ते फेब्रुवारी अमेरिकेत मिनियापोलिसजवळ मुलाकडे राहून आले. दहा वर्षांच्या नातीने तिथे त्यांना जिओकॅशिंगची ओळख करून दिली. कोणीतरी लपवलेल्या डब्याचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर पाहायचे, तो शोधायचा, आतल्या नोंदपट्टीवर नाव लिहायचे आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून यायचे, असा हा खेळ आहे. गुडघाभर बर्फात आजोबा-नातीने चार डब्यांचा शोध घेतला. एक सापडला, दोन सापडले नाहीत. चौथा एका झाडाच्या बुंध्याशी बर्फात थिजलेला दिसला, पण उघडेना. बुटाच्या टाचेने ठोकताना त्याच्या झाकणाची एक कडी तुटली. नात तेव्हा पलीकडच्या झाडाशी होती. तिला न सांगता त्यांनी डब्यावर बर्फ लोटला. सही झालीच नव्हती, तरी आबांचा उतरलेला चेहरा पाहून नातीने मोबाईलवर ‘सापडला’ अशी नोंद केली आणि ते गप्प राहिले. घरी आल्यावर दोन बोटे अर्धा तास बधिर होती, मुलगा रागावला आणि पत्नी ‘या वयात हे चाळे’ म्हणाल्या. आता नात जूनमध्ये कोल्हापूरला येणार आहे आणि पन्हाळ्यावर स्वतःचा डबा लपवायचा तिने हट्ट धरला आहे. वाचक विचारतात : ‘हे मला जमत नाही असे सांगून तिची समजूत काढावी का? आणि झाकणाचे आता सांगण्यात काही अर्थ आहे का?’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात थंडीवर चार ओळी आहेत आणि झाकणावर दीड पान आहे, त्यामुळे तुम्हाला खरे काय विचारायचे आहे याविषयी मला फारशी शंका उरली नाही. तरीही आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण ‘मला हे जमत नाही’ हा निष्कर्ष तुम्ही ज्या हिशेबावरून काढला आहे, तो हिशेबच मला मान्य नाही.

‘चारांत एक’ असे तुम्ही परीक्षेतल्या गुणांसारखे लिहिले आहे. मोबाईल तुम्हाला नेमक्या डब्यापाशी नेऊन उभे करतो आणि पुढचे अपयश आपले, असे त्यामागे गृहीत धरलेले दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. मे २००० पर्यंत सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे; ती अट उठल्यावर दोनच दिवसांत, ३ मे २००० रोजी, ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली आणि हा खेळ जन्माला आला. आजचा चांगला मोबाईलसुद्धा मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंतच खरे बोलतो. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या आठशे-साडेआठशे चौरस फुटांच्या फ्लॅटइतके. त्या फ्लॅटमध्ये गुडघाभर बर्फ भरा, फर्निचर पांढऱ्या चादरीखाली झाका आणि एखादी मूठभर डबी शोधायला सांगा. शिवाय ज्याने डबा लपवला, त्याच्या यंत्राची चूक त्यात वेगळी मिळवायची. पहिल्याच हिवाळ्यात, मोजे घातलेल्या हातांनी, एक डबा तुम्हाला सापडला आणि दुसरा निदान दिसला, ही नवख्याची नामुष्की आहे असे मला वाटत नाही.

माझा स्वतःचा अनुभव याहून केविलवाणा आहे. जर्मनीत बहिणीकडे गेले असताना, बर्फही नसताना, एका पादचारी पुलाच्या कठड्याशी मी चाळीस मिनिटे काढली. शेवटी भाचीने कठड्याच्या बोल्टांपैकी एक बोल्ट ओढून काढला, तो चुंबकाने चिकटवलेला निघाला आणि आत करंगळीच्या पेरापेक्षा लहान गुंडाळी होती. मी त्याच बोल्टावर हात टेकवून उभी होते.

बर्फात शोधताना निवड हीच निम्मी कामगिरी असते, आणि ती घरी, हीटरजवळ बसून करायची असते. प्रत्येक डब्याला दोन अंक दिलेले असतात, एक शोधण्याच्या अवघडपणाचा आणि एक वाटेच्या कठीणपणाचा. दोन्ही एक ते पाचमध्ये, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. वाटेचा अंक बहुधा कोरड्या ऋतूतला असतो, म्हणून जमिनीवर बर्फ असेल तर मनात त्यात एकाची भर घालून पाहावे. काही डब्यांच्या माहितीत हिमकणाचे चिन्ह असते. हिवाळ्यातही हा मिळू शकतो, असा त्याचा अर्थ. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे आधीच्या लोकांच्या नोंदी. मागच्या वर्षी डिसेंबर ते मार्च या काळात कोणी तो डबा शोधला होता का, हे नातीला पाहायला सांगा. सगळ्या यशस्वी नोंदी जून ते ऑक्टोबरमधल्या असतील, तर तो डबा जमिनीलगत आहे आणि आता बर्फाखाली आहे, असे समजून सोडून द्यावा. डबा लपवणाऱ्याने, म्हणजे त्याच्या मालकाने, जागेचा सुगावा म्हणून दिलेला इशारा जरूर उघडावा. संकेतस्थळावर तो तेरा अक्षरे पुढे सरकवून लिहिलेला असतो, म्हणजे ए च्या जागी एन. मोबाईलवर बोट लावताच तो उलगडतो, पण तुमच्या नातीला तो कागदावर सोडवायला द्या, तिचा एक संध्याकाळचा वेळ आनंदात जाईल. इशाऱ्यात बुंधा, दगड, मुळे असे शब्द असतील तर एप्रिलपर्यंत थांबावे. फांदी, कुंपण, खांब, डोळ्यांच्या उंचीवर, असे काही असेल तर निघावे.

आणि पावलांचे ठसे पाहावेत. ताज्या बर्फात मळलेल्या वाटेवरून एकच रांग मधेच झाडीत शिरून तिथेच घुटमळून परतलेली दिसली, तर आपल्या आधी कोणी तरी येऊन गेले आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही. अर्थात तुमचे ठसेही तितकेच बोलके असतात, म्हणून परतताना आजूबाजूच्या दोन-तीन झाडांभोवतीही एक फेरी मारून यावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला डब्याची जागा आयती कळत नाही.

आता बोटांविषयी. चिरंजीव रागावले ते तुमच्या वयावर रागावले, असा तुमचा समज झाला आहे. तुमच्याच पत्रात एका कोपऱ्यात असे वाक्य आहे की, उणे बारा अंशांत तुम्ही दोघे घरात कोणाला न सांगता बाहेर पडला होता आणि परतलात तेव्हा अंधार पडला होता. दहा वर्षांची मुलगी बरोबर असताना असे झाले तर तीस वर्षांच्या धडधाकट माणसावरही कोणताही बाप असाच रागावला असता. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कोल्हापुरात त्या दिवसांत सहा वाजून गेल्यावर रंकाळ्याच्या कठड्यावर लोक अजून भेळ खात असतात, त्या सवयीने तिथे वेळेचा अंदाज बांधू नये. कुठे जातो आणि किती वाजता परततो, हे कागदावर लिहून फ्रीजवर लावावे आणि एका डब्यावर तीस-चाळीस मिनिटांहून अधिक वेळ घालवायचा नाही, असा करार नातीशी आधीच करावा. घड्याळ तिच्या हाताला असू द्यावे, मुले असले करार मोठ्यांपेक्षा कडकपणे पाळतात.

आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर आणि कानटोपी. तिथे पहिला घात सुती बनियन करते : चालताना ती घामाने भिजते आणि थांबल्यावर अंगावर बर्फाची पट्टी ठेवल्यासारखी गार पडते, म्हणून अंगालगत लोकरीचे किंवा तशाच लवकर वाळणाऱ्या कापडाचे वस्त्र हवे. हाताला आत पातळ बोटांचे मोजे आणि वर चार बोटे एकत्र राहतील असे जाड मोजे घाला. लिहिताना फक्त वरचे काढा. शाई थिजते, त्यामुळे पेन्सिल न्यावी. मोबाईलची बॅटरी थंडीत पाहता पाहता उतरते, म्हणून तो हातात मिरवण्यापेक्षा आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा आणि पन्नास-साठ पावलांवर एकदा पाहावा. बोट पांढरट, मेणासारखे दिसू लागले आणि त्याला स्पर्श कळेना, तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. अशा वेळी शोध तिथेच सोडून घरात यावे, बोट चोळू नये आणि शेकोटीजवळ किंवा कढत पाण्यात मुळीच धरू नये, कारण बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. काखेत धरावे किंवा कोमट पाण्यात ठेवावे, आणि संवेदना लवकर परतली नाही तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा काही त्रास असेल तर जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्या. पत्रात तुम्ही त्याविषयी काही लिहिलेले नाही.

गोठलेल्या तळ्यांचे एका वाक्यात सांगते. नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान चार इंच असल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, असे मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो, आणि वर भुसभुशीत बर्फ साचलेला असेल तर खालची जाडी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. नात बरोबर असताना तळ्यापलीकडचा डबा आपला नव्हेच असे मानावे.

आता झाकणाकडे येऊ. बँकेत दिवसाअखेर कॅश शॉर्ट आली तर तुम्ही काय करत होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. शंभराची नोट कमी भरली म्हणून कोणी रोखपाल वाईट ठरत नाही. ती तफावत त्याच दिवशी दाखवली नाही, की मग प्रश्न येतो. (या खेळातल्या डब्यालाही ‘कॅश’च म्हणतात, फक्त स्पेलिंग वेगळे, तुमच्या नातीने हा विनोद तुम्हाला एव्हाना ऐकवला असेलच.) तुमच्याकडून कडी तुटली, यात नवल नाही. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि गोठलेल्या झाकणावर जोर करायचा नसतो हे नवख्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. डबा सुटा असेल तर तो जाकिटाच्या आत धरून दहा मिनिटे उबवून पाहावा, किंवा थंडीत हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात, त्यातली एक झाकणाच्या कडेला लावून पाहावी. जमिनीलाच चिकटला असेल तर हात लावू नये. कढत पाणी ओतण्याचा मोह होतो, पण तेच पाणी पुन्हा गोठते आणि पुढच्या माणसाचे काम अधिक अवघड करते.

तुम्हाला टोचते आहे ते वर लोटलेले बर्फ. ते टोचणे योग्य आहे, आणि सुदैवाने अजून वेळही गेलेली नाही. हे मी मार्चमध्ये लिहिते आहे. तिकडचे बर्फ वितळू लागले की पाणी थेट त्या फटीतून आत जाईल आणि आतली नोंदपट्टी, म्हणजे आधी आलेल्या सगळ्यांच्या सह्या, लगदा होऊन जाईल. तेव्हा सांगण्यात अर्थ आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मनाच्या समाधानाशी बांधू नका. अर्थ व्यवहारातला आहे आणि तो दोन-तीन आठवड्यांपुरताच आहे.

मात्र मालकाला लिहिण्याआधी नातीशी बोला. तिने खोटे लिहिले आणि आपण तिला अडवले नाही, या दोषाची वाटणी तुम्ही अर्धी-अर्धी केली आहे. माझ्या मते ती वाटणी चुकते. तिला स्वतःच्या नावावर एक डबा वाढवायचा असता तर न सापडलेल्या त्या दोन डब्यांचेही ‘सापडला’ लिहून ती मोकळी झाली असती. तिने लिहिले ते तुमचा चेहरा पाहून. आबांना वाईट वाटते आहे, मग कागदावर तरी बरे दिसू दे, असा तो हिशेब होता. म्हणून तिला नियम समजावत बसण्यापेक्षा आपली गोष्ट आधी सांगा : ‘माझ्या टाचेने झाकण तुटले, आणि मी ते तुझ्यापासून लपवले.’ एवढे तुम्ही म्हटलेत, की उरलेले ती आपण होऊन करील.

नियम म्हणाल तर तो साधा आहे. नोंदपट्टीवर नाव लिहिलेले असेल तरच ‘सापडला’ म्हणायचे. पट्टी गोठलेली किंवा डबा उघडता येण्यासारखा नसेल, तर छायाचित्र पाठवून मालकाला विचारता येते. काही मालक मान्य करतात, काही करत नाहीत आणि दोन्ही त्यांच्या हक्कातले आहे. आधी केलेली नोंद काढून टाकता येते आणि तिच्या जागी ‘सापडला नाही’ अशी नोंद करता येते. खेळात अशा नोंदीला तीन अक्षरांचे नावही आहे, डीएनएफ, आणि जुने खेळाडू ती बिनदिक्कत करतात, कारण लागोपाठ चार डीएनएफ दिसले की मालकाला कळते, डबा बहुधा जाग्यावर नाही, जाऊन पाहायला हवे. म्हणजे तुमच्या न सापडलेल्या त्या दोन डब्यांच्या नोंदीही, ज्या तुम्ही केल्याच नाहीत असे पत्रावरून दिसते, कोणाच्या तरी उपयोगाच्या होत्या. त्याही करून टाका.

मालकाला निरोप कसा लिहावा, हे अशाच अडचणीत सापडलेल्या इतर वाचकांसाठीही देते. नात त्याचे इंग्रजी करील : ‘जानेवारीत आम्ही आपल्या डब्यापाशी आलो होतो. तो बर्फात गोठला होता. उघडण्याच्या प्रयत्नात माझ्याकडून झाकणाची एक कडी तुटली. आम्ही सही करू शकलो नाही. चुकून केलेली ‘सापडला’ ही नोंद काढली आहे. बर्फ वितळल्यावर आत पाणी जाण्याची शक्यता आहे. आपण परवानगी दिलीत तर माझा मुलगा जवळच राहतो, तो त्याच मापाचा नवा डबा आणून ठेवील.’ थंडीचे, वयाचे आणि नवखेपणाचे खुलासे त्यात घालू नका. परवानगीशिवाय डबा बदलूही नका, कारण वस्तू त्यांची आहे. चिरंजिवांना यात ओढल्याने आणखी एक गोष्ट साधेल : ज्या खेळावर ते रागावले, त्यात त्यांनाही एक काम मिळेल.

‘या वयात हे चाळे’ याविषयी फार लिहीत नाही. ते वाक्य तुमची बोटे बधिर असताना उच्चारले गेले होते. जूनमध्ये वहिनींना बरोबर घेऊन जा आणि मग पुन्हा विचारा.

पन्हाळ्याचा हट्ट मात्र थोडा वळवावा लागेल. पन्हाळगड हे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ पासून मराठा लष्करी वास्तूंपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीतही आहे. तटाच्या फटीत, बुरुजावर किंवा तीन दरवाजाच्या आसपास डबा खोचणे कायद्याच्या दृष्टीनेही योग्य नाही आणि आपल्यालाही शोभणारे नाही. भवानी मंडप, महाद्वार रोड, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन या जागा तर मनातही आणू नका : ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही सूचना आपण सगळे रोज ऐकतो, आणि गर्दीच्या ठिकाणी लपवलेल्या डब्याकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहतील हे सांगायला नको. पंचगंगेच्या काठाचेही नाव नको. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या काठावरचा डबा जुलैत कुठे पोहोचेल हे ठाऊक आहे. नृसिंहवाडीला गेलात तर कदाचित भेटेल.

जागा अशी शोधा, की जिच्या मालकाला तुम्ही समोरासमोर विचारू शकाल. ओळखीच्या कोणाच्या शेताचा बांध, नातेवाइकांच्या गुऱ्हाळाजवळचे आंब्याचे झाड, एखाद्या परिचिताच्या घराचे आवार, यांतले काहीही चालेल. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरायचा नाही, खणायचे नाही, हा या खेळाचा जगभरचा नियम आहे, आणि दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरचे अंतर ठेवावे लागते. आत खाण्याची वस्तू ठेवू नये, उंदीर-घुशी आणि वानरे आपल्या आधी शोधतील. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर बाहेरून मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असे व एक संपर्क क्रमांक लिहावा. सुट्टीत लपवून निघून गेलेल्या पाहुण्याचा डबा सहसा मान्य होत नाही, कारण नंतर त्याची देखभाल कोण करणार, हा प्रश्न उरतो; इथे मात्र तुम्ही वर्षभर आहात. नातीने जागा निवडावी, इशारा लिहावा आणि तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारून पट्टी कोरडी आहे का पाहून तिला कळवावे, अशी विभागणी करता येईल. पन्हाळ्याला तिला जरूर न्या, पण तिथे नुसते पाहायला न्या. गडाचा माथा जांभ्या दगडाचा आणि खालचा डोंगर काळ्या बेसाल्टचा, ही सीमा वाटेवर कुठे लागते, हे शोधायला लावा. त्यात डबा नाही, पण शोध आहे.

नात येईल तेव्हा आपल्याकडे पावसाळा सुरू झालेला असेल, आणि तिकडे बर्फ डब्याचे जे करते तेच इकडे पाऊस करतो. म्हणून ती येण्याआधी एक काम करून ठेवा. झाकणाला रबरी वायसर असलेला, चारही बाजूंनी कड्या लागणारा डबा आणा, आत एक टिपकागद घाला आणि वर दगड ठेवून बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला, तर तोच डबा घ्या. ओला निघाला, तर दुकानदाराला परत करून दुसरा पाहा.